अक्षरशत्रू वाटाड्या : किट कार्सन

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या राजधानीचे नाव कार्सन सिटी असे आहे. ज्या माणसावरून तेथील नदीला आणि नदीवरून शहराला हे नाव मिळाले, त्याला स्वतःच्या सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हते. वाचता तर मुळीच येत नव्हते. तरीही तो जिवंत असतानाच त्याच्यावर कादंबऱ्या निघाल्या. मृत्यूनंतर चित्रपट निघाले, दूरदर्शन-मालिका निघाली, चौकाचौकांत पुतळे उभे राहिले. पुढे त्यांतला एक पुतळा उतरवून ठेवण्याचीही वेळ आली. ख्रिस्तोफर ह्यूस्टन कार्सन ऊर्फ किट कार्सन हा तो माणूस. शूर वाटाड्या म्हणून त्याची ओळख सर्वांना असते. पण त्याच्या चरित्राकडे दुसऱ्याही एका बाजूने पाहता येते. ज्याला वाचता येत नाही, त्याची गोष्ट इतरांनी लिहिली तर त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न या एका आयुष्यात फार ठळकपणे उभा राहतो.

किटचा जन्म २४ डिसेंबर १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब मिसूरी प्रदेशातील बून्स लिक या भागात राहावयास गेले. त्या काळी गोऱ्या वसाहतींची ती जवळजवळ शेवटची हद्द होती. पुढे पश्चिमेला अफाट गवताळ मैदाने, पर्वत आणि तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासी जमाती. या लोकांना आपल्याकडे पूर्वी रेड इंडियन म्हणत असत. १८१८ साली झाडाची फांदी अंगावर पडून किटचे वडील वारले. तेव्हा तो अवघा आठ वर्षांचा होता. शिक्षण तेथेच संपले. एकदा शाळेत असताना आदिवासी आल्याची हाकाटी झाली, आपण पुस्तक टाकून बंदूक उचलली आणि ते पुस्तक अजून तेथेच पडले आहे, असे तो मोठेपणी सांगत असे. ऐकणारे हसत असतील. पण बाप गेलेल्या मुलाची शाळा सुटते तेव्हा त्यामागे बहुधा हाकाटी नसते, घरची अडचण असते. हे समजायला अमेरिकेचा इतिहास वाचावा लागत नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी त्याला फ्रँकलिन गावातील एका खोगीर करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. कातडे कापायचे, टाके घालायचे आणि सांता फेच्या वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या, असे त्याचे दिवस जात. १८२६ साली तो पळून गेला. मालकाने रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि मुलाला परत आणून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. बक्षिसाची रक्कम होती एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग! मालकाला मुलगा परत नको असावा किंवा त्याची दया आली असावी, असा तर्क अभ्यासक करतात. किट कार्सनवर पुढे छापल्या गेलेल्या हजारो पानांच्या आधीची ही एका पैशाची जाहिरात. तीही त्याला वाचता आली नसती.

पळून तो आजच्या न्यू मेक्सिकोतील टाओस या गावी पोहोचला. १८२९ पासून पुढची बारा-एक वर्षे त्याने बीव्हरची शिकार करण्यात काढली. बीव्हर हा नदीत बांध घालून राहणारा केसाळ प्राणी. त्याच्या लोकरीपासून युरोपातल्या प्रतिष्ठित लोकांच्या उंच टोप्या बनत. लंडनमधल्या एका टोपीसाठी रॉकी पर्वतातील बर्फाळ ओढ्यांत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सापळे लावणारी ही माणसे. वाट कुठून जाते, पाणी कुठे मिळते, राखेची ऊब किती तासांपूर्वीची, दबलेले गवत कोणत्या दिशेला झुकले आहे, हे सारे किट शिकला. स्पॅनिश आणि फ्रेंच तो बोलू लागला. शायेन, अरापाहो, यूट अशा अनेक जमातींच्या भाषाही त्याला बोलता येत.

इतक्या भाषा जाणणाऱ्या माणसाला अडाणी म्हणावे काय? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सही करतात, आजोबा अंगठा उठवीत. पण बियाणे मुठीत घेऊन ते उगवेल की नाही हे आजोबा सांगत आणि ते सहसा चुकत नसत. म्हणून कार्सनचे ज्ञान खरे ज्ञान होते, हे मला कोणी पटवून द्यावे लागले नाही. मात्र या ज्ञानाला एक मर्यादा असते. कागद पुढे आला की असा माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. वाचणारा जे वाचेल ते खरे मानावे लागते. कार्सनच्या आयुष्यात पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

त्याची पहिली पत्नी वानिबे ही अरापाहो जमातीची होती. तिच्यापासून त्याला ॲडलीन नावाची मुलगी झाली. वानिबे लवकर वारली. बीव्हरही संपत आले होते आणि युरोपात रेशमी टोप्यांची फॅशन आली होती, धंदा बसला. १८४२ साली किट आपल्या लहानग्या मुलीला घेऊन मिसूरीला नातेवाइकांकडे गेला. मुलीने शिकावे, शाळेत जावे म्हणून! ज्याचे स्वतःचे पुस्तक शाळेत पडून राहिले, त्या बापाने शेकडो मैलांचा प्रवास करून मुलीला शाळेच्या दारापर्यंत पोहोचविले. त्याच्या साऱ्या पराक्रमांपेक्षा मला हा प्रवास मोठा वाटतो.

याच प्रवासात मिसूरी नदीवरील आगबोटीत त्याची जॉन फ्रेमाँट या लष्करी अधिकाऱ्याशी भेट झाली. फ्रेमाँटला पश्चिमेकडील प्रदेशाची पाहणी करून नकाशे तयार करायचे होते. त्याने किटला महिना शंभर डॉलर पगारावर वाटाड्या नेमले. या मोहिमांचे अहवाल १८४३ आणि १८४५ साली सरकारने छापले. फ्रेमाँटची पत्नी जेसी ही लेखणीची धनी होती. नवऱ्याने सांगावे आणि तिने त्याला डौलदार भाषेत उतरवावे, असे हे अहवाल तयार झाले. ते देशभर कादंबरीसारखे वाचले गेले, आणि त्यांतला निष्ठावान, निर्भय वाटाड्या किट कार्सन घरोघरी पोहोचला.

या ठिकाणी साहित्यातील दुसऱ्या एका वाटाड्याची आठवण करणे भाग आहे. जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकाराने १८२३ ते १८४१ या काळात पाच कादंबऱ्यांतून नॅटी बम्पो नावाचा नायक रंगविला होता. ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही १८२६ ची कादंबरी त्यांत सर्वांत गाजली. अचूक नेमबाज, अरण्याचा जाणकार, आदिवासींचा मित्र आणि शत्रूही, शहराला कंटाळलेला, असा हा नॅटी. आणि गंमत म्हणजे तोही निरक्षर! पुस्तकी विद्येपेक्षा अरण्याची विद्या थोर असे तो मानतो. अमेरिकन वाचकांच्या मनात वाटाड्याचा साचा अशा रीतीने अगोदरच तयार झालेला होता. त्यात ओतायला एक हाडामांसाचा माणूस हवा होता, तो कार्सनच्या रूपाने मिळाला. फरक इतकाच की नॅटी कागदावरच जन्मला आणि कागदावरच वारला. कार्सनला मात्र भूक लागत होती, भीती वाटत होती आणि त्याच्या बंदुकीने मरणारी माणसे खरोखर मरत होती.

हे मरण कादंबरीत येते तितके स्वच्छ नव्हते. १८४६ च्या एप्रिलमध्ये फ्रेमाँटच्या तुकडीने कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीकाठी जमलेल्या आदिवासींवर हल्ला करून मोठी कत्तल केली. कार्सन तीत सामील होता आणि ती निव्वळ कापाकापी होती हे त्याने पुढे स्वतःच मान्य केले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सान राफाएलजवळ एक वृद्ध आणि त्याचे दोन तरुण पुतणे अशा तिघा निःशस्त्र कॅलिफोर्नियनांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या घालणाऱ्यांत कार्सन होता. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात, सान पास्कुआल येथे अमेरिकन सैन्य वेढले गेले असता हाच माणूस रात्रीच्या अंधारात शत्रूच्या पहाऱ्यातून सरपटत निघाला. बूट हरवले, तरी निवडुंगाच्या काट्यांतून अनवाणी सुमारे तीस मैल जाऊन त्याने सान दिएगोहून मदत आणविली. त्याच्याबरोबर बील नावाचा नौदलातील अधिकारी आणि एक आदिवासी तरुण होता. गोष्ट सांगणाऱ्यांना बहुधा पहिली दोनच नावे लक्षात राहिली. एकाच वर्षातल्या या तीन घटनांपैकी शाळकरी पुस्तकांत कोणती आली असेल, हे सांगायला नकोच.

१८४८ साली विल्यम शर्मन या तरुण अधिकाऱ्याने कार्सनला प्रथम पाहिले, तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. समोर उभा होता साधारण साडेपाच फूट उंचीचा, पिंगट केसांचा, हळू बोलणारा, प्रश्नाला एका-दोन शब्दांत उत्तर देणारा एक साधा गृहस्थ. पुस्तकातला कार्सन आणि हा कार्सन यांचा मेळ बसत नव्हता. हे शर्मनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

आता १८४९ ची ती घटना. जेम्स व्हाइट नावाचा व्यापारी पत्नी ॲन आणि लहान मुलीसह सांता फेच्या वाटेने चालला असता हिकारिया अपाची टोळीने त्यांच्यावर हल्ला केला. व्हाइट मारला गेला. ॲन, तिची मुलगी आणि दाई यांना पळवून नेण्यात आले. घोडदळाबरोबर माग काढण्यासाठी कार्सनला बोलाविण्यात आले. हा माग आपण आयुष्यात काढलेल्या सर्वांत अवघड मागांपैकी होता, असे तो पुढे म्हणे. सुमारे बारा दिवस पाठलाग झाला. शेवटी छावणी दिसली. कार्सन ताबडतोब चाल करून जाण्यास निघाला, पण बोलणी करावी या विचाराने सैन्य क्षणभर थांबले. तो क्षण घातक ठरला. सैन्य पोहोचले तेव्हा ॲन व्हाइटच्या छातीत बाण होता आणि देह अजून गार पडलेला नव्हता. मुलीचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

छावणीतल्या सामानात एक पुस्तक सापडले. ते कार्सनवरचे होते! शेकड्यांनी शत्रू लोळविणारा महावीर किट कार्सन त्यात होता. चार्ल्स ॲव्हेरिल याची कार्सनवरील कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती आणि सापडलेले पुस्तक तेच असावे असे मानतात. पळविलेल्या मुलीच्या शोधाचेच कथानक तिच्यात आहे. अशा प्रकारचे पुस्तक कार्सन पहिल्यांदाच पाहत होता आणि त्यात काय आहे हे त्याला दुसऱ्यांकडूनच कळणार होते. ती बाई आपल्या जवळपासच राहणारी. तिने हे वाचले असेल, आणि आता तो येईल, आपल्याला सोडवील, अशी प्रार्थना करीत वाट पाहिली असेल, हा विचार त्याच्या मनातून कधी गेला नाही. सात वर्षांनी आठवणी सांगतानाही त्याने तो सांगितला. पुस्तकातला कार्सन कधीच उशिरा पोहोचत नाही. खरा पोहोचला होता. छापील शब्दाने त्याच्या नावावर एक वचन देऊन टाकले होते, आणि असे वचन दिले गेले आहे हेदेखील त्याला माहीत नव्हते.

१८४३ साली त्याने टाओसच्या होसेफा हारामियो हिच्याशी विवाह केला होता. १८५४ पासून १८६१ पर्यंत तो सरकारचा आदिवासींविषयक प्रतिनिधी होता. यूट लोकांचे गाऱ्हाणे तो त्यांच्या भाषेत ऐके, पण वरिष्ठांना जाणारा अहवाल कारकुनाकडून लिहून घ्यावा लागे. खाली सही मात्र त्याची. १८५६ च्या सुमारास त्याने आपल्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या. त्या फार रोखठोक आणि थोडक्यात आहेत. पीटर्स या डॉक्टराने त्यांच्या आधारे १८५८ साली जाडजूड चरित्र काढले. ते वाचून दाखविल्यावर आपल्यावर जरा जास्तच रंग चढविला आहे, असा कार्सनचा अभिप्राय होता म्हणतात. त्याचे स्वतःचे साधे शब्द छापले जाण्यास मात्र १९२६ साल उजाडावे लागले.

आता त्याच्या चरित्रातील सर्वांत काळे प्रकरण. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना कार्सन न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवक पलटणीचा कर्नल झाला. १८६३ च्या आरंभी त्याने राजीनामा देऊ पाहिला. जनरल कार्लटनने तो घेतला नाही. कार्लटनने त्याच्यावर नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हलविण्याची कामगिरी सोपविली. नवाहो हे शेती करणारे, मेंढ्या पाळणारे, सुंदर घोंगड्या विणणारे लोक. लढाई फारशी झालीच नाही. कार्सनच्या सैन्याने उभा मका जाळला, भोपळ्याचे मळे तुडविले, मेंढ्या मारल्या, पाणवठे ताब्यात घेतले. १८६४ च्या जानेवारीत बर्फातून सैन्य कॅन्यन डी शे या त्यांच्या शेवटच्या आसऱ्याच्या दरीत शिरले. त्या वर्षी पुढे दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या तुकडीने त्या दरीतील पीचची हजारो झाडे तोडली. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही समजेल की उभे पीक जाळणे एका वर्षाची भूक असते, आणि फळझाड तोडणे पुढच्या पिढीची.

उपासमारीने नवाहो शरण आले. आठ हजारांहून अधिक माणसांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांनाही, सुमारे तीनशे मैल चालवीत पेकोस नदीकाठच्या बोस्के रेडोंडो या ओसाड जागी नेण्यात आले. मागे पडणाऱ्यांतले कित्येक वाटेतच गेले. ही ‘लाँग वॉक’ म्हणून ओळखली जाते. तेथले पाणी खारट, सरपण नाही, पिकाला कीड लागे. रोगराई आणि भूक यांनी दोन हजारांवर माणसे मेली. कार्सन या चालीत बरोबर नव्हता आणि हुकूम त्याचा नव्हता, असे त्याचे चाहते सांगतात. ते खरे आहे. पण वाट दाखविणारा तोच होता. ज्या माणसाला या लोकांचे डोंगर, त्यांचे झरे, त्यांची पिके माहीत होती, त्याचे ते ज्ञानच या वेळी शस्त्र झाले. तो राजीनाम्यावर अडून राहिला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. पण चरित्र वाचताना ते मनात येतातच.

१८६८ च्या सुरुवातीला, छातीतील रक्तवाहिनीच्या दुखण्याने खंगलेला कार्सन यूट प्रमुखांबरोबर त्यांच्या जमिनीच्या कराराकरिता वॉशिंग्टनला गेला. परत आल्यावर एप्रिलमध्ये होसेफा बाळंतपणानंतर वारली. महिन्याभरात, २३ मे १८६८ रोजी, कोलोरॅडोतील फोर्ट लायन येथे त्याचेही निधन झाले. त्याच्या मृत्यूनंतर नवव्या दिवशी, १ जून १८६८ रोजी, नवाहो नेत्यांनी सरकारशी करार केला आणि आपल्या भूमीत परत जाण्याचा हक्क मिळविला. सरकारच्या बाजूने सही करणाऱ्यांत तोच शर्मन होता, आता जनरल झालेला. नवाहोंच्या बाजूने बहुतेकांनी आपल्या नावापुढे फुली मारली. ज्याने त्यांना घराबाहेर काढले त्याला फक्त सही येत होती. ज्यांनी घर परत मिळविले त्यांना तीही येत नव्हती.

यानंतर पडद्यावरचा कार्सन सुरू होतो. १९०३ सालीच त्याच्यावर मूकपट निघाला. १९४० मध्ये जॉन हॉल या देखण्या नटाने त्याची भूमिका केली. १९५१ ते १९५५ या काळात बिल विल्यम्सने मालिकेत रंगविलेला कार्सन गावोगाव फिरून दुष्टांना शासन करी. त्याचा खऱ्या माणसाशी नावापुरताच संबंध होता. विला कॅथर या लेखिकेने मात्र १९२७ च्या आपल्या कादंबरीत त्याला प्रेमळ मित्र म्हणूनही दाखविले आणि नवाहोंच्या हकालपट्टीचा दोषही त्याच्या पदरात घातला. पुढे काळ बदलला. १९७० नंतरच्या लेखनात तोच महावीर राक्षस ठरू लागला. २०२० च्या जूनमध्ये डेन्व्हर शहरातील त्याचा अश्वारूढ पुतळा उतरविण्यात आला. पूर्वी फुगवून लिहिले, आता काळे करून लिहिले. माणूस दोन्ही वेळा तितकाच गप्प!

परंतु या कथेचा शेवट पुतळ्यापाशी होत नाही. नवाहोंची बाजू शंभर वर्षे छापखान्याबाहेर राहिली. ती आज्या-आजोबांच्या तोंडी होती. कोण वाटेत मागे राहिले, कोणी मूल पाठीला बांधून नदी ओलांडली, बोस्के रेडोंडोला काय खाल्ले, हे सारे हिवाळ्याच्या रात्री नातवंडांना सांगितले जाई. १९६८ साली, म्हणजे करारानंतर बरोबर शंभर वर्षांनी, नवाहोंनी आपले स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. अमेरिकेतील एखाद्या आदिवासी जमातीने स्थापन केलेले ते पहिलेच महाविद्यालय. त्याच्याच छापखान्याने १९७३ साली ‘लाँग वॉक’च्या या तोंडी आठवणी वृद्ध स्त्रीपुरुषांकडून ऐकून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. जी गोष्ट आजपर्यंत दुसरे लिहीत होते, ती आता घरच्यांनी लिहिली.

कार्सनने मुलीला शाळेत पोहोचविले, पण स्वतःची गोष्ट त्याला परक्यांच्याच हाती सोपवावी लागली. नवाहो नातवंडांनी मात्र आजीची गोष्ट तिच्याच शब्दांत कागदावर उतरविली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे शब्द अजून कागदावर न आलेले आहेत, आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत. पदवीचा कागद हाती येईल तेव्हा येवो. तोपर्यंत वही आणि लेखणी तर आपल्याजवळ आहेच.